गाळणकागदावरची मुंबई

जानेवारीतली पहाट. शिवडीच्या किनाऱ्यावरून पलीकडची माहुलची धुरांडी दिसेनाशी झाली आहेत. इमारतीच्या गच्चीवर एक यंत्र चोवीस तास हवा ओढतंय. काल पांढराशुभ्र लावलेला गाळणकागद आज काळपट निघालाय.

हा काळा रंग काजळीचा. डिझेलचा धूर, भट्टीतलं लाकूड, पेटवलेला कचरा. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा मंदावतो आणि शहराचा धूर शहरातच कोंडून राहतो.

पण या कागदावर असंही काही आहे, जे कुठल्याच धुरांड्यातून बाहेर पडलेलं नाही. गाड्यांमधून निघालेल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं हवेतच आम्ल होतं. त्याला अमोनिया भेटला, की अमोनियम नायट्रेटचे कण तयार होतात. गारव्यात ते टिकतात, उन्हाळ्याच्या उष्म्यात पुन्हा वायू होऊन जातात. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. वायू म्हणून सोडलेली गोष्ट कण होऊन छातीत उतरते.

मे महिन्यात कागद तपकिरी होतो. रस्त्याची, बांधकामांची माती. वाळवंटातली धूळही येते, आणि ती ऋतू पाळतेच असं नाही. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीनं ऐन थंडीत मुंबई धूसर करून टाकली होती.

पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. त्यांच्यासाठी आपलं चोवीस तासांचं मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. हे झालं वजन. त्यात काजळी किती आणि माती किती, हे वजनकाटा सांगत नाही. ते प्रयोगशाळेत कळतं.

जुलैत कागद जवळजवळ पांढराच राहतो. पाऊस हवा धुतो, नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून येतो आणि कागदावर मिठाचा वाटा वाढतो. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या सुमारे १.८ पट क्लोराइड असतं. कागदावर ते त्याहून कमी भरलं, तर समजायचं, की शहराच्या आम्लानं मिठातलं क्लोराइड हुसकून स्वतः जागा घेतली. समुद्राचं मीठही इथली हवा लागली की बदलतं.

ऑक्टोबरात वारा फिरतो. कागद पुन्हा काळवंडू लागतो. मग दिवाळीच्या रात्री त्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम सापडतात. आकाशात फुटलेल्या फटाक्यांचा हिरवा रंग बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा.