केडगावला उतरायचंय

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की मधे केडगाव लागतं. बरेच जण झोपेतच पुढे जातात, पण आज आपण इथं उतरणारोत. देवाची प्रीती अपार आहे असं आपण दर रविवारी गातो, गाताना डोळे पण मिटतो, पण तीच प्रीती ताट वाढायला बसते तेव्हा कशी दिसते ते बघायला हे गाव बरंय.

गोष्ट सुरू होते भाकरीच्या तुकड्यापासून. पंडिता रमाबाई तेव्हा पंडिता वगैरे नव्हत्या, सोळा-सतरा वर्षांची पोर. दुष्काळ पडलेला, वडील आधीच गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली आणि खायला मागतेय. रमा शेजारच्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली, पण मागायला तोंडच उघडेना, नुसतं डोळ्यातून पाणी. शेवटी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मिळाला, तो घेऊन पळत घरी आली तर आईला तो खाववेना. आई गेली. आता तिरडी उचलायला माणसं नाहीत! भाऊ, दया येऊन मदतीला आलेले दोन ब्राह्मण आणि चौथी रमा, उंची कमी म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, मी काही पदरचं घालत नाहीये.

पुढचं पटकन सांगतो. कलकत्त्यात विद्वानांनी 'सरस्वती' म्हटलं, लग्न झालं, नवरा लवकर गेला, पदरात छोटी मनोरमा, आणि १८८३ ला इंग्लंड. तिथं लंडनजवळ फुलहमला सिस्टर लोकांचं, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचं, एक घर होतं, समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. या बायकांशी कुणी इतक्या मायेने वागतं हेच रमाबाईंना नवीन होतं. त्यांनी विचारलं, का करता हे सगळं? तर सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा, यहुदी ज्यांना कमी लेखायचे त्या शोमरोनी लोकांतल्या बाईशी येशू आपणहून बोलतो तो. बास. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा.

इकडे परत आल्यावर वाद झाले, 'केसरी'त टीका झाली, तो वेगळा विषय आहे आणि एका बाजूने सांगण्यासारखा तर नाहीच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडं दिसणाऱ्या मुली घेऊन आल्या, शेकडो. पुण्यात तेव्हा प्लेग, त्यामुळे नव्या मुलींना तिथं ठेवायची परवानगी नाही, म्हणून हे केडगाव, आधी तंबू-झोपड्या आणि मग 'मुक्ती' नावाचा आश्रम. १९०० च्या सुमारास इथं जवळपास २००० जणी होत्या. २००० माणसांची रोजची भाकरी, जरा हिशोब करा! आणि फुलहमला पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या, तशाच टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर काढलं, नाव ठेवलं 'कृपा सदन'.

शेवटची बरीच वर्षं गेली बायबलच्या भाषांतरात, साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत. १९२१ ला मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. पुस्तक पूर्ण छापून आलं १९२४ मधे, इथल्याच छापखान्यात, आणि छपाईचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्याच बायका-मुलींचे. त्यात तो योहानाचा चौथा अध्याय पण आलाच.