काठावरून दिसणारी नदी

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर ‘नदीकाठचा समाज आणि पाणलोटाचे आरोग्य’ असा भारदस्त विषय छापलेला असूनही आपण आलात, याबद्दल आधी आभार मानतो. माझे म्हणणे एवढेच आहे की काठावरचा माणूस नदी डोळ्यांनी आणि नाकाने पारखतो, आणि या दोहोंना जे जाणवत नाही ते त्याच्या हिशेबात येतच नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीचे उदाहरण घ्या. 22 जून 1969 रोजी तिच्या पाण्यावर साचलेल्या तेलाने आणि कचऱ्याने पेट घेतला. आग अर्ध्या तासाच्या आत विझली, नुकसान सुमारे 50,000 डॉलरचे झाले आणि स्थानिक वृत्तपत्रांनी बातमीला फारशी जागाही दिली नाही. कारण 1868 पासून ही नदी कित्येकदा पेटली होती, आणि कारखान्यांवर पोट असलेल्या काठाला ती घाण म्हणजे काम चालू असल्याची खूण वाटत असे. गंमत पुढेच आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने या आगीच्या निमित्ताने जे छायाचित्र छापले, ते 1952 सालच्या कितीतरी मोठ्या आगीचे होते. शिळ्या छायाचित्राने इतके ताजे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. देशभर संताप उसळला, आणि 1972 मध्ये जलप्रदूषण रोखणारा जो ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला त्यामागे या नदीचाही वाटा होता.

पण त्या कायद्याने परवान्याची सक्ती केली ती मुख्यतः कारखान्यांच्या व शहरांच्या पाइपांतून नदीत पडणाऱ्या सांडपाण्यावर, म्हणजे पुन्हा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर. शेतांवरून पावसाबरोबर वाहून येणारे खत त्या जाळ्यातून निसटले. कायाहोगा ज्या ईरी सरोवराला मिळते, त्याच सरोवरात 2014 च्या ऑगस्टमध्ये शेवाळाचे विष इतके वाढले की काठच्या टोलीडो शहराच्या परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. तिथे काहीही पेटले नव्हते; त्याच सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांमधले, शेवाळाला पोसणारे खतातले फॉस्फरस तेवढे खाली आले होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मुख्य मुद्दा, जो मी सुरुवातीलाच मांडायला हवा होता, आता घाईने सांगतो. नदीच्या एकूण जाळ्याच्या लांबीतला बहुतेक भाग लहानसहान ओहोळांचा असतो. त्यांना कोणी नदी म्हणत नाही, म्हणून ते बुजवताना किंवा त्यांच्या कडेची झाडे तोडताना कोणाचाही हात अडखळत नाही. अशा ओहोळातला एखादा दगड उलटून पाहा. खालच्या बाजूला मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची पिल्ले चिकटलेली असतील, शेपटीला बहुधा तीन केसांसारखे धागे आणि पोटाच्या कडेने सतत हलणारे कल्ले, तर त्या पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे समजायला हरकत नाही. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ती नसतील, तर वर कोणी काय केले हे विचारायला जावे लागते. पाणी स्वच्छ राखण्यासाठी वरच्या खेड्यांना येणारा खर्च खालच्या शहराने उचलणे हा त्यावरचा एक मार्ग आहे, आणि न्यूयॉर्कने 1997 च्या करारात जिथून त्या शहराला पाणी येते त्या कॅट्स्किल डोंगरांतील गावांशी तेच केले, कारण गाळणी केंद्र बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. त्या कराराचा तपशील माझ्या टिपणात चार पाने आहे. दुसरी चिठ्ठी आल्यामुळे ती पाने मी घडी घालून ठेवतो.