ही गाठ सरकत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

परवा सात डिसेंबरला सशस्त्र सेनांचा ध्वजदिन झाला. शाळेच्या पोरांनी तुमच्याही खिशाला तो छोटा झेंडा टोचला असेल, तुम्ही डब्यात दहा-वीस रुपये टाकले असतील. १९४९ पासून चालत आलेला दिवस आहे हा. त्या निमित्तानं इथल्या मंडळींनी मला बोलावलं. म्हणाले, बाई, तुम्ही माजी सैनिकांच्या घरी जाता, मनाच्या आजारांचं काम करता, तर त्यावर बोला. मी म्हटलं, बोलते, पण मला एका दोराची गोष्ट सांगायचीय, ती सांगू देणार असाल तर येते.

दोराकडे येतेच. आधी माझं काम काय ते चार वाक्यांत सांगते.

मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. मी घरी जाते, बसते, चहा पिते. आमच्या सातारा भागात चहा म्हणजे पाक असतो. दिवसाला सहा घरं केली की सहा कप पाक पोटात, आणि ‘साखर कमी’ म्हटलं की माउलीला वाटतं, बाई आजारी आहे. असो. घरातल्या माणसाला काय होतंय ते समजून घ्यायचं, डॉक्टरांपर्यंत न्यायचं, आणि तिथून परत आल्यावर घर, शेत, पेन्शन, भावकी या सगळ्यात तो तगून राहील ना, हे बघायचं. हे माझं काम.

आमचा जिल्हा फौजेचा. अपशिंगे गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्तंभ उभा आहे तिथं. आमच्याकडे माणूस पेन्शनवर आला की तो शिपाई असो, नाईक असो, हवालदार असो, गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. मीही म्हणते.

आणि हे मेजर म्हातारे नसतात बरं का. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून छत्तिशी-सदतिशीत घरी आलेले असतात. कालपर्यंत हाताखाली दहा माणसं होती. आज सोसायटीच्या फाटकात बसून वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे, आणि मिसरूड न फुटलेलं पोर ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारणार. गावात मात्र वर्षातून दोनदा शाल आणि नारळ. त्या शालींबद्दल माझं मत वाईट आहे. एका मेजरांकडे मी एकवीस शाली मोजल्या, एकीनंही थंडी जात नाही. त्या पैशात एक चांगली घोंगडी तरी द्या माणसाला.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढे लागणार आहे. फौजेत तब्येतीची प्रतवारी असते, तिला ‘शेप’ म्हणतात. पाच अक्षरं. त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं, मग कान, हातपाय, शरीर, डोळे. सगळं चोख तर शेप वन. मनाच्या खान्यातला आकडा बदलला तर हातातलं हत्यार जाऊ शकतं, बढती अडकू शकते. सतरा वर्षं ज्यानं हा आकडा जपला, तो घरी आल्यावर मला सांगेल होय, की मला रात्री झोप नाही? नाही सांगत. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. एकदम ठीक.

तर दोर.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस, रविवार सकाळ. एका माउलीचा फोन आला. यापूर्वी त्यांच्याकडे मी एकदाच गेले होते. आवाज अगदी खाली. म्हणाल्या, “मॅडम, आमच्या ह्यांनी दोर आणलाय.”

मी विचारलं, कसला दोर?

“कासरा न्हवं, दावं न्हवं. नवाकोरा नायलॉनचा. वीस हात.”

तुम्ही काय समजलात ते मला ठाऊक आहे. मीही तेच समजले. त्या माउलीही तेच समजल्या होत्या. त्यांनी तो दोर तीनदा लपवला होता. एकदा कडब्याच्या गंजीत, एकदा धान्याच्या कणगीत, एकदा स्वतःच्या अंथरुणाखाली. तिन्ही वेळा मेजर काही बोलले नाहीत, बाजारात जाऊन नवा दोर घेऊन आले. तिसऱ्या वेळी दुकानदारानं विचारलं म्हणे, मेजर, म्हशी घेतल्या काय?

मी एसटीनं फाट्यापर्यंत गेले, तिथून त्यांचा मुलगा मोटारसायकलवर घेऊन गेला. भावकीत वाटणी होऊन हे कुटुंब गावातल्या घरातून नुकतंच शेतातल्या वस्तीवर राहायला आलेलं. दोन खोल्या, पत्र्याची पडवी, समोर ऊस. वाटेत मुलगा सांगत होता, बाबा रात्रभर जागे असतात. पडवीत फेऱ्या मारतात. माणसं मोजतात. लाईट रात्रीची असते, आम्ही पाणी पाजायला जातो, तर बॅटरी घेऊन मागं येतात आणि हाका मारून मोजतात. देवऋषाकडे नेलं होतं. त्यानं लिंबू उतरवलं. तर बाबा त्यालाच म्हणाले, माझा देव वर बर्फात आहे, ओपी बाबा, त्याला रिपोर्ट देऊन झालाय, तुझं काही काम नाही.

ओपी बाबा म्हणजे सियाचेनच्या तळावरचं देवस्थान. वर चौकीवर जाताना आणि खाली आल्यावर जवान तिथं जाऊन रिपोर्ट देतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर कळलं. देवऋषालाही ठाऊक नसणार.

मी पोचले तेव्हा मेजर पडवीत बाजेवर बसले होते. दाढी चकाचक, चपला जोडीनं ठेवलेल्या. आणि दोर? दोर समोरच. एक टोक त्यांच्या बाजेच्या पायाला. दुसरं टोक आतल्या खोलीत गेलेलं.

मी माझी वही काढली. झोप कशी आहे मेजर? “एकदम ठीक.” जेवण? “एकदम ठीक.” मन? “एकदम ठीक, मॅडम. कडक.” संपली माझी वही. मी वीस वर्षं शिकून आलेले प्रश्न दीड मिनिटात संपले.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला सगळे घाबरतात. स्पष्ट शब्दांत, त्यांच्या तोंडाकडे बघून. मेजर, जीव द्यायचा विचार मनात येतो का?

आत माउलींच्या हातातलं तांब्या-भांडं पडलं.

श्रोतेहो, गोष्ट इथं जरा थांबवते. पुष्कळ लोकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. येत नाही. पुन्हा सांगते, विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही. असेल तर तो बाहेर येतो. नसेल तर माणूस नाही म्हणतो, फार तर रागावतो.

मेजर रागावले नाहीत. उठले, दोराचं बाजेकडचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “ही गाठ ओढा.”

मी ओढली. काही झालं नाही.

“अजून जोरात. ही आठाची गाठ. ही गाठ सरकत नाही, मॅडम. फास सरकतो.”

आणि मग तो माणूस बोलायला लागला. दोर आत कुठं गेलाय ते त्यांनी दाखवलं. आत त्यांचा नातू झोपला होता, सव्वा वर्षाचा, नुकता पावलं टाकायला लागलेला. त्याच्या कमरेला मऊ साडीचा पट्टा, आणि पट्ट्याला दोर. का? तर वस्तीच्या मागं विहीर. पन्नास फूट खोल, कठडा नाही. घरातले सगळे रात्री पाण्यावर गेले आणि पोर उठून चालत निघालं तर? पडवीपासून विहीर किती लांब, हे त्यांनी पावलांनी मोजलं होतं.

मी विचारलं, ही गाठ कुठं शिकलात?

सियाचेन. १९८४ पासून आपली फौज त्या हिमनदीवर आहे. तिथं गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनी जास्त माणसं नेली. वर बर्फ सपाट दिसतं, खाली मोठाल्या भेगा असतात, आणि भेगेच्या तोंडावर ताज्या बर्फाची पापडी. म्हणून सगळे एका दोराला बांधून चालतात. एक खाली गेला तर बाकीचे त्याला धरतात. मेजर सांगत होते आणि दोर हातातून सोडत नव्हते. त्यांची तुकडी चालत चौकीवर पोचली. पोचली, म्हणून दोर सोडला. रॉकेलचा एक जेरीकॅन मागं राहिला होता. यांचा जोडीदार म्हणाला, आणतो. फौजेत ‘बडी’ म्हणतात, दोघांची जोडी असते.

“दहा पावलं होती, मॅडम. दहा पावलांसाठी कोण दोर बांधतं?”

इतकंच. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोजणी का चालते ते मला कळलं. सहा माणसांच्या घरात हा माणूस सात मोजायचा, आणि रोज एक कमी भरायचा.

आता तुम्ही म्हणाल, बघा, उगाच घाबरलात, जीव द्यायचा विचार नव्हताच. थांबा. माउली चहा करायला आत गेल्या तेव्हा मेजर हळू आवाजात म्हणाले, आता नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पुण्यात एटीएमवर नोकरीला होतो तेव्हा दोनदा आला होता विचार. घरात कुणाला माहीत नाही. विचारलं नसतं तर तेही बाहेर आलं नसतं. म्हणून तिसऱ्यांदा सांगते, विचारा.

पुढे मेजर मानसोपचारतज्ज्ञांकडे आले. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांच्या बाबतीत फौजी माणूस सोन्यासारखा, आठ म्हणजे आठ. झोप यायला दीडेक महिना लागला. भयंकर प्रसंग मनात रुतून राहिल्यानं होणाऱ्या या त्रासाला पीटीएसडी असं नाव आहे. नाव १९८० साली डॉक्टरांच्या पुस्तकात आलं, त्रास जुनाच आहे, त्या अपशिंग्याच्या स्तंभाइतका जुना तर नक्कीच.

पण माझ्या मते खरा गुण दुसऱ्याच गोष्टीनं आला. गावातले तीन माजी सैनिक, एक गवंडी आणि मेजर स्वतः, अशा पाच जणांनी दोन रविवार खपून विहिरीला कठडा बांधला. साडेतीन फूट, वर लोखंडी जाळी. सिमेंट वर्गणीतून आलं. जाळी बसली त्या रात्री मेजरांनी नातवाचा दोर स्वतः सोडला. त्यांना दोर सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

महिन्याच्या अहवालात हे लिहायला जागाच नव्हती. ‘समुपदेशन सत्रे’ असा रकाना होता, त्यात मी ४ लिहिलं. कठडा कुठं लिहिणार? अहवालाचे नमुने करणारी मंडळी कधी वस्तीवर गेलेली नसतात, हे माझं जुनं रडगाणं आहे. आणि आता बोलतेच आहे तर, श्रोतेहो, तुमच्याही रानात बिनकठड्याची विहीर असेल तर ऊस कारखान्याला जायची वाट बघू नका.

काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपत आलीय. कामाचं पटापट सांगते.

घरातला फौजी रात्री जागत असेल, आवाजाला दचकत असेल, कॅन्टीनची बाटली महिन्याऐवजी आठवड्यात संपत असेल, तर शाल-नारळ घेऊन येणाऱ्यांची वाट बघू नका. पेन्शनधारक माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही दवापाण्याची योजना आहे. पॉलिक्लिनिकमध्ये जा, झोपेचं सांगा. मनाचं सांगायला जड जात असेल तर झोपेचंच सांगा, डॉक्टर पुढचं ओळखतात. आता तिथं शेप वन कुणी तपासत नाही. पेन्शन कमी होत नाही, हे मला रोज सांगावं लागतं म्हणून इथंही सांगते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच, तिथंही विचारा.

कुणी जिवाचं काही करून बसला आणि वाचला, तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं ही गोष्ट गुन्हा म्हणून नाही, मोठ्या ताणाची खूण म्हणून धरायची, असं ठरवलेलं आहे. दवाखान्यात न्या.

आणि एक नंबर. कागद घ्या. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६. एक चार चार एक सहा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसी या फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. पुन्हा सांगते, १४४१६. फोन फौजीनंच करायला पाहिजे असं नाही, बायकोनं केला तरी चालतो. त्या दिवशीचा फोनही माउलींचाच होता.

डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि ईसीएचएसचं कार्ड बरोबर ठेवा. आणि मेजर, ऐकत असाल तर, वहिनींना आत बसवून घ्या, बाहेरच्या बाकावर नको. तुम्ही ‘एकदम ठीक’ म्हणालात की खरं काय ते त्या सांगतील.

नमस्कार.