पिंढरीतला गोळा

(दृश्य: अंधार. पत्र्याच्या घरात बाजेची करकर. कुणीतरी दात आवळून कण्हतंय.)

रात्रीचे अडीच वाजलेत. बालाघाटच्या डोंगरातलं, धारूर तालुक्यातलं एक गाव. साठीतली एक बाई झोपेतून दचकून उठलीय. उजव्या पिंढरीत लिंबाएवढा गोळा वर आलाय. बोट लावलं तर दगड. ती पंजा दोन्ही हातांनी धरते, गुडघा ताठ करते आणि बोटं नडगीकडे ओढते. तोंडातून आवाज काढत नाही, शेजारी नातवंडं निजलीत. मिनिटभरात गोळा विरतो. ठसठस मात्र सकाळपर्यंत राहते.

शहरात याला पेटका म्हणतात. इकडे कुणी वांब आला म्हणतं, कुणी नुसतंच, ‘पिंढरी वळली.’

तिनं अंधारात जे केलं त्याहून वेगळं डॉक्टरही सांगत नाहीत. थकलेल्या स्नायूला ‘आवळ’ म्हणणारे निरोप वाढतात आणि ‘सोड’ म्हणणारे कमी पडतात. स्नायू ताणला की त्याच्या टोकाच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, ओढ बसते, आणि ती ओढ कण्यामार्फत ‘सोड’चा हुकूम आणते. झोपेत पंजा खाली झुकलेला असतो, म्हणजे पिंढरी आधीच आखडलेली. त्यात वर जुन्या लुगड्यांची जड वाकळ. पायथ्याशी ती सैल ठेवली तरी काहींना फरक पडतो.

(दृश्य: उसाचा फड. कोयत्याचा आवाज. पाचटाची धूळ.)

आता चार महिने मागं जाऊ. हीच बाई, दूरच्या जिल्ह्यातला फड. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. बीड जिल्ह्यातून असे कोयते दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हं चढल्यावर, मार्च-एप्रिलला परततात. तोड सुरू होते ती दिवस उगवायच्या आधी. कंबरेत वाकून बुडख्याला घाव, शेंड्याचे वाढे छाटायचे, मोळी बांधायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. फळीवर पाय देताना बाईचा पंजा कसा चिकटतो आणि पिंढरीची शीर कशी तटतटते, ते जवळून बघा. अशा किती खेपा झाल्या, हे कुणी मोजत नाही. मोजतात टन.

आम्ही तिला विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता?

“पिलं की जावं लागतंय. जावं कुठं? फडात समदे गडीमाणसं.”

‘दिवसाला तीन लिटर पाणी प्या’ हे वाक्य आमच्या कागदावर लिहिलेलं होतं. ते तिथंच राहिलं.

(दृश्य: एप्रिल. भेगाळलेली जमीन. टँकरभोवती रिकाम्या घागरी.)

गावी परतावं तर पारा चाळिशीच्या वर. मराठवाड्यात पाणी म्हणजे आधी मोजायची आणि मग प्यायची गोष्ट. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे इथं कुणी विसरलेलं नाही.

पण पेटक्याचा हिशोब नुसत्या पाण्याचा नसतो. घामाबरोबर मीठही जातं, लिटरमागे साधारण ग्रॅमभर सोडियम. कुणाचं कमी, कुणाचं बरंच जास्त. काळ्या पोलक्यावर पाठीला पांढरे नकाशे उमटतात, ते हेच मीठ. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत हे लक्षात आलं होतं. घामाघूम मजूर नुसतं पाणी ढोसायचे आणि पेटक्यांनी वाकडे व्हायचे. पाण्यात थोडं मीठ घातल्यावर त्रास कमी झाला. मात्र लांब पल्ल्याच्या धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा पेटके आलेल्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे काही गोळे मिठाचे, काही निव्वळ थकव्याचे. फडातल्या बाईच्या वाट्याला दोन्ही.

(दृश्य: मडक्यात रवी फिरतेय. आंबिलीवर जिऱ्या-लसणाची फोडणी पडते.)

ज्वारीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, जिरं, लसूण. आंबील. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, तिन्ही एका तांब्यात. बाजारातल्या रंगीत बाटलीपेक्षा आम्ही हिच्याच बाजूनं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा घाम फारच गेला तर ओआरएसची पुडी. मोठी असेल तर बरोबर एक लिटर पाण्यात, अर्धी-अर्धी करून नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल त्यांनी मात्र मीठ आणि शहाळं, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

खाण्याचं म्हणाल तर नांदेडजवळच्या अर्धापूरच्या केळ्यांचं नाव पहिलं निघतं. एका केळ्यात साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, खरं आहे. पण घामातून पोटॅशियम फार जात नाही, त्यामुळे केळं खाल्लं आणि गोळा गेला असं होत नाही. खावं, केळं आहे म्हणून. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचंही तसंच: म्हाताऱ्या माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा उपयोग जवळपास होत नाही, असं तपासण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम आहेच; भाकरी सुटली नाही म्हणजे झालं.

आणि लोणच्याचा खार? हसू नका. खारवलेल्या काकडीचं आंबट पाणी पाजल्यावर पेटका लवकर सुटला, असं एका प्रयोगात दिसलं. तेही मीठ रक्तात पोचायच्या आत. आंबट-खारटाच्या झटक्यानं घशातूनच मज्जातंतूंना निरोप जात असावा, असा अंदाज आहे.

(दृश्य: संध्याकाळ. बाई भिंतीला हात टेकून उभी. नात शेजारी तिची नक्कल करतेय.)

रात्रीच्या गोळ्यांवर हे जास्त कामाचं. भिंतीपासून हातभर लांब. एक पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, मागचा गुडघा ताठ. आता भिंतीकडे झुका. पिंढरीत ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. दहा आकडे मोजा, सोडा. तीनदा. मग दुसरा पाय. मग बाजेवर पाय लांब करून मांडीची मागची बाजू. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या माणसांनी सहा आठवडे झोपण्याआधी असे पाय ताणले. त्यांचे रात्रीचे पेटके कमी झाले. २०१२ चा अभ्यास. खर्च शून्य.

मात्र एकच पाय सुजला, लाल किंवा गरम झाला तर ताणत बसू नका, दवाखाना गाठा. लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून गोळे वाढले असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि उन्हात पेटक्यांपाठोपाठ माणूस बरळायला लागला, तर तो उष्माघात. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि गाडी बोलवा.

(दृश्य: ओसरी. चार-पाच बाया. मधे चहाचा जर्मनचा टोप.)

दसऱ्याला टोळी निघेल. या वेळी बायांनी मजूर नेणाऱ्या मुकादमाला सांगितलंय, कोप्यांजवळ (राहायच्या झोपड्यांजवळ) आणि फडाच्या बांधाला आडोसा पाहिजे. चार बांबू आणि जुनी लुगडी, लुगडी त्या आणतील.

मुकादम म्हणाला, बघू.

“बघू नका,” बाई म्हणाली, “बांबू आना.”