बोट उचलायचीच नाही, ट्रेलर काढायचा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला समुद्र नाही, पण रंकाळा आहे, कळंबा आहे, राजाराम तलाव आहे आणि मुख्य म्हणजे उद्यमनगर आहे, त्यामुळं बोटीचं काम इथं अडायचं काहीच कारण नाही. अडतं ते वेगळ्या ठिकाणी. बोटीचं बूड घासायचं म्हटलं की आपल्याकडं पहिला विचार येतो, दहा पोरं बोलवा, तालमीतली असली तर अजून बरं, एक दोन तीन म्हणायचं आणि उचलायची.

ऑप्टिमिस्ट, म्हणजे पोरांची छोटी शिडाची बोट असेल तर खुशाल उचला, तिचं हल म्हणजे नुसतं सांगाडा-बूड 35 किलोचं. लेझर नावाच्या एकट्यानं चालवायच्या शिडाच्या बोटीचं साठेक किलो, चार जणांत गवतावर उलटी होते, विषय संपला. पण केबिनवाली, किलवाली (किल म्हणजे बुडाच्या मधोमधला कणा किंवा पातं) शिडाची छोटी बोटसुद्धा चारपाचशे किलोच्या पुढं जाते, आणि दहापैकी एकाचा पाय घसरला की तिचा भार बाकीच्यांवर सारखा वाटला जात नाही, तो शेजारच्यावर येतो. म्हणून माझं म्हणणं, बोट जागेवर राहू द्या, ती ज्या चाकांच्या गाडीवर असते तो ट्रेलर खालनं काढा.

आधी बोट हलकी करायची. इंजिन, पेट्रोलचा डबा, बॅटरी, नांगर सगळं बाहेर, आणि तळाचा बोळा काढून पाणी सोडायचं, एक लिटर म्हणजे एक किलो, बिल्जमधे, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पन्नासेक लिटर सहज साठलेलं असतं. डोलकाठी आडवी करायची, ती करताना वर विजेच्या तारा बघायच्या, ॲल्युमिनियम आहे ते. किल वर-खाली होणारी असेल तर ती वर घेऊन पिन लावायची, नुसत्या दोरीवर भरवसा नको.

आता ट्रेलर गाडीपासून सोडवून फरशीवर घ्यायचा, चाकं सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूनं ओट, म्हणजे अडसर लावायची. काळ्या मातीत हे काम करूच नका, पावसाळ्यात तर नाहीच, करावंच लागलं तर खाली जाड प्लायवूड टाका. मग गंमत बघा. ट्रेलरचा पुढचा, गाडीला जोडायचा दांडा खाली दाबला की बोटीची मागची बाजू आपोआप वर येते. तिथं ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट पाटीच्या जवळ, हल मजबूत असतं तिथं, लाकडी ठोकळे आडवे-उभे रचायचे. मागचे पट्टे सोडायचे, पुढं बोट ओढून धरणाऱ्या चरकीचा, म्हणजे विंचचा पट्टा राहू द्यायचा, जरा ढिला. आता दांड्याखाली जॅक लावून दांडा हळूहळू वर. ट्रेलरची शेपटी खाली जाते, बोटीची मागची बाजू ठोकळ्यांवर बसते, पुढचं टोक वर येतं. पुढं किलखाली ठोकळे रचा, विंच सोडा, दांडा खाली घ्या, झालं की. बोट ठोकळ्यांवर, ट्रेलर मोकळा. बाहेर ओढताना त्याची आडवी पट्टी ठोकळ्यांना अडते, तेव्हा शेजारी दुसरा ठोकळा बसवल्याशिवाय पहिला काढायचा नाही.

ठोकळे लाकडीच, सिमेंटचे पोकळ ब्लॉक नकोत, ते आधी सांगून फुटत नाहीत. आणि रचलेल्याची उंची पायाच्या रुंदीच्या तिपटीवर जाऊ द्यायची नाही. वजन सगळं किलवर यायला पाहिजे, बाजूचे स्टँड फक्त बोट कलंडू नये म्हणून, आणि तेही आत जिथं आडवी भिंत आहे तिथंच, नाहीतर फायबर आत दबतं आणि केबिनमधे टेकाड दिसायला लागतं. दोन बाजूचे स्टँड बोटीच्या खालनं साखळीनं एकमेकांना बांधा. ताडपत्री मात्र स्टँडला बांधू नका, वारा सुटला की ती शिडासारखी फुगते आणि स्टँडच काढून नेते. जॅकवर असलेल्या बोटीखाली कुणी जायचं नाही, जॅकमधलं तेलाचं सील कधी जाईल आणि जॅक खाली बसेल सांगता येत नाही.

मागनं कुणीतरी विचारतंय, हायड्रा, म्हणजे चाकांची क्रेन बोलवली तर? बोलवा की, पण एका हुकातनं दोन बेल्ट घातले तर ते आडवे पसरतात. बेल्टचा आडव्याशी कोन 60 अंश असेल तर दोन बेल्टपैकी प्रत्येकावर वजनाच्या 58 टक्के ताण, 30 अंशावर आला की प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा, शिवाय बोटीच्या कडा आत चेपतात ते वेगळंच. म्हणून मधे लोखंडी आडवा बार पाहिजे, तो उद्यमनगरात कुणीही करून देईल, पण वेल्डिंग ओळखीतल्या चांगल्या माणसाकडनं घ्या. बेल्ट पॉलिएस्टरचे चपटे, वायररोप नको, आणि दोन्ही बेल्ट वरनं दोरीनं एकमेकांना बांधा म्हणजे पुढचा बेल्ट टोकाकडं घसरणार नाही. आधी वीतभर उचलून थांबायचं, तोल बघायचा, मगच पुढं.

आणि ट्रेलर मोकळा झालाच आहे तर चाकांच्या बेरिंगला ग्रीस भरून घ्या, पाण्यात बुडवून बुडवून त्याची वाट लागलेली असते.