पहिली सिगरेट कधी पेटवता?

नमस्कार श्रोतेहो. सिगरेट ओढणाऱ्याला आपण विचारतो, "दिवसाला किती?" उत्तर येतं "दहा", नाहीतर "वीस". तेरा किंवा सतरा म्हणणारा क्वचितच भेटतो. व्यसनामागची जनुकं शोधणारे बरेच मोठे अभ्यास याच गोळाबेरीज आकड्यावर उभे आहेत, आणि मला खटकतं ते हेच.

एक जण चार झुरके घेऊन सिगरेट विझवतो, दुसरा तीच टोकापर्यंत खोल ओढतो. कागदावर दोघांची संख्या सारखी. कामाच्या जागी बंदी आली की संख्या घटते, तलफ मात्र कमी होत नाही.

निकोटिनचं व्यसन किती घट्ट आहे हे मोजणारी, १९९१ सालापासून वापरात असलेली फागरस्ट्रॉम चाचणी अधिक नेमकं विचारते. सहा प्रश्न, शून्य ते दहा गुण. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न असा: उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात पेटवता? पाच मिनिटांच्या आत असेल, तर तीन गुण. रात्रभरात रक्तातलं निकोटिन बरंच उतरलेलं असतं, म्हणून शरीराची खरी ओढ सकाळीच उघडी पडते.

मोजमापाने निष्कर्ष किती बदलतो ते बघा. पंधराव्या गुणसूत्रावर सीएचआरएनए५ नावाचं जनुक आहे. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं, त्या ग्राहीचा एक भाग ते घडवतं. त्यातल्या एका बदलाची प्रत्येक प्रत दिवसाला सरासरी जेमतेम एक सिगरेट वाढवते. माणसामाणसांतल्या सिगरेटींच्या संख्येतला साधारण एक टक्का फरक त्याने उलगडतो. पण निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन रक्तात मोजलं, तर हाच वाटा चार टक्क्यांच्या आसपास जातो. जनुक तेच, बदल तोच. फक्त मोजलं वेगळं.

कोटिनिनलाही मर्यादा आहेत. निकोटिन आणि कोटिनिन, दोन्हींचा निचरा यकृतातलं सीवायपी२ए६ हेच विकर करतं. ते मंद असलेल्यांच्या रक्तात कोटिनिन जास्त काळ रेंगाळतं.

लाखो लोकांचे अभ्यास हवेतच; २०१९ साली बारा लाख लोकांच्या माहितीतून शेकडो जनुकीय ठिकाणं हाती लागली. माझं म्हणणं एवढंच, की प्रश्नावलीत पहिल्या सिगरेटची एक ओळ वाढवा. जनुकांसाठी रक्त घेताच असाल, तर त्यातलंच थोडं कोटिनिनसाठी राखा, आणि शेवटची सिगरेट कधी ओढली ती वेळही शेजारी लिहून ठेवा.