ओवी कुणाची ते कळलं, पुढे काय?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सगळे एकच विचारताय, मॅडम, वर्गात बहुविधता शिकवायची म्हणजे नक्की करायचं काय. फॅन्सी ड्रेस नाही, एवढं नक्की. प्रतिज्ञेत 'विविधतेने नटलेल्या' आहे म्हणून २६ जानेवारीला पोरांना खरोखरच नटवायचं, एकाला फेटा, एकाला गोल टोपी, एकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचा क्रॉस, फोटो काढला की झालं... जाऊ दे, यावर मी आधीच खूप चिडून झालंय.

मी अकरावीला मराठी शिकवते. फळ्यावर नाव न सांगता एक ओवी लिहिते, 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा, की रत्नांमाजी हिरा निळा, तैसी भाषांमाजी चोखळा, भाषा मराठी'. हरळ म्हणजे हराळी नाही हं, तांदूळ निवडताना सापडतो तो खडा. कुणाची ओवी? अख्खा वर्ग म्हणतो, ज्ञानेश्वर! मग सांगायचं, फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा माणूस, १५७९ ला गोव्यात आला, १६१६ मध्ये तिथल्याच रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि तेही रोमन लिपीत.

पोरं 'आँ?' करतात. आणि इथेच नव्वद टक्के लोक थांबतात! अरे, थांबू नका. खरा तास आत्ता सुरू होतो. विचारा, याने हे कशासाठी लिहिलं? कुणासाठी?

कारण ग्रंथातच एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला दुसरी द्या. म्हणजे बघा, गोव्यातल्या ज्या सासष्टीत हा माणूस मराठीचं एवढं कौतुक करतोय तिथली देवळं तो यायच्या आधीच पाडली गेली होती, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून होतंच, आणि पुढे १६८४ ला पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ओवी पण खरी, देवळं पण खरी.

आता कमेंटी. एक दादा म्हणतात, 'मिशनऱ्याचं कौतुक कशाला?' दुसऱ्या ताई म्हणतात, 'देवळांचं काढून मुलांची मनं कशाला कलुषित करता?' दादा, तुम्ही ओवी पुसताय. ताई, तुम्ही देवळं पुसताय. फळा दोघांनीही कोराच केला की!

आणि पेपर काढणारे त्याहून भारी, 'कवीचे भाषाप्रेम स्पष्ट करा', चार मार्क. झालं! कशासाठी लिहिलं हा प्रश्नच गायब, आणि जे पेपरात नाही ते पोरं ऐकत नाहीत हे तुम्हालाही माहितीये.

मी पण माती खाल्लीये हं. पहिल्या वर्षी नाव सांगितलं आणि वर्गातल्या एकुलत्या एक ख्रिश्चन मुलीकडे वळून म्हटलं, "तुला तर केवढा अभिमान वाटत असेल ना?" ती कावरीबावरी होऊन म्हणाली, "मॅडम, मी पण आत्ताच ऐकलं." सगळे हसले, मलाही हसू आलं, पण घरी जाताना बसमध्ये फार लाज वाटली. तिला मी पूर्ण धर्माची वकील करून टाकलं होतं, आणि बिचारी तर हरळ म्हणजे काय तेच वहीत लिहून घेत होती! तेव्हापासून प्रश्न सगळ्या वर्गाला, कुणाच्या आडनावाकडे बघून नाही.

यंदा एकाने विचारलं, "मग याला चांगला म्हणायचं की वाईट?" मी खडू ठेवला आणि खुर्चीत बसले, म्हटलं, बोला तुम्हीच. बेल झाली तरी दोघं दारात अडून वाद घालत होते आणि बाहेर पुढच्या तासाचे सर ताटकळलेले.

पुढच्या व्हिडिओत श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद घेते. आणि हो, 'हिरा निळा कुठे असतो' असं विचारणारे, तुमचं पण तेव्हाच बघू.